सोलो क्रॉस-कंट्रीत दहा मैल डावीकडे: एका विद्यार्थिनी वैमानिकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत एक अट आहे. उमेदवाराने एकट्याने किमान 270 किलोमीटरचं, म्हणजे 150 नॉटिकल मैलांचं एक क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळाकडे जाणारं) उड्डाण करायचं आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. विद्यार्थ्यांच्या तोंडी या उड्डाणाचं नाव 'लाँग सोलो'. इथे लिहितोय ते अशाच एका लाँग सोलोचं प्रकरण. व्यक्ती, संस्था आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढली आहेत. तिन्ही विमानतळांना 'अ', 'ब' आणि 'क' म्हटलं आहे.

विद्यार्थिनीचा उड्डाणाचा अनुभव चाळीसेक तासांचा होता. लँडिंग चांगलं, रेडिओवर बोलणं नेमकं, स्वभाव काटेकोर. प्रशिक्षकासोबत तिने दोन क्रॉस-कंट्री उड्डाणं केली होती आणि दोन्ही वेळा हवा स्वच्छ होती. विमान सेसना 152: दोन आसनं, वर पंख, क्रूझला साधारण 95 नॉट, म्हणजे तासाला 95 नॉटिकल मैल. टाकीतलं वापरता येण्याजोगं इंधन 92 लिटर आणि खर्च तासाला 23 लिटरच्या आसपास. पॅनेलवर एक रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला संकेत पाठवणारं यंत्र) आणि व्हीओआरचा, म्हणजे जमिनीवरच्या स्टेशनपासूनची दिशा सांगणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा, एक रिसीव्हर. नकाशा दाखवणारं जीपीएस नव्हतं. मागच्या जागेत एक ट्रॅकर होता, पण तो फक्त नोंद ठेवायचा, वैमानिकाला काही दाखवायचा नाही. त्या नोंदीमुळेच पुढचा हिशेब इतक्या बारकाईने मांडता येतो.

मार्ग त्रिकोणी होता. अ ते ब 56 मैल, ब ते क 48, क ते अ 52, म्हणजे एकूण 156 नॉटिकल मैल. (पुढे 'मैल' म्हणजे नॉटिकल मैलच.) दिशा राखायची ती हेडिंग (विमानाचं तोंड जिकडे आहे ती दिशा), वेग आणि घड्याळाच्या हिशेबावर, आणि तो हिशेब ताडून पाहायचा जमिनीवरच्या खुणांशी: नदी, पूल, धरण, लोहमार्ग, गावं. नकाशा 1:5,00,000 प्रमाणाचा, म्हणजे एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर.

पहिला टप्पा व्यवस्थित पार पडला. ब वर उतरून तिने इंजिन बंद केलं, लॉगबुकवर सही घेतली आणि पुन्हा इंजिन सुरू केलं. प्रकरण सुरू होतं ते इथून.

दुसऱ्या टप्प्याचा आराखडा

ब ते क हा ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जायची वाट, 070 अंश चुंबकीय (होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेले). दक्षिणेकडून दहा नॉटचा वारा, म्हणजे जवळजवळ सगळाच उजव्या बाजूने. तो विमानाला डावीकडे ढकलणार म्हणून सहा अंशांची भरपाई करून हेडिंग 076. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) 98 नॉट, उंची 3,500 फूट, वेळ 29 मिनिटं. हे गणित नंतर दोघा प्रशिक्षकांनी पुन्हा करून पाहिलं. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं.

नॅव्ह लॉगमध्ये, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या वेळा-हेडिंग-खुणांच्या तक्त्यात, तीन खुणा होत्या. दहाव्या मिनिटाला नदी, आणि ट्रॅकच्या बरोबर खाली महामार्गाचा पूल. विसाव्या मिनिटाला डावीकडे दोन मैलांवर एक मोठं धरण. आणि क च्या पूर्वेला पाच मैलांवर उत्तर-दक्षिण जाणारा दुहेरी लोहमार्ग. ही तिसरी खूण म्हणजे पकडरेषा: विमानतळ चुकून मागे पडला तर ही रेषा ओलांडायची नाही, एवढाच तिचा अर्थ.

हवामानाच्या अंदाजात दृश्यमानता आठ किलोमीटर होती. विद्यार्थ्यांच्या सोलोसाठी संस्थेची किमान मर्यादाही आठच. प्रत्यक्षात दुपारनंतर हवा धुरकट होत गेली आणि दुसऱ्या टप्प्यात जेमतेम सहा किलोमीटरवरचं दिसत होतं. व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघत करायच्या) उड्डाणाला या उंचीवर पाच किलोमीटर चालतात, त्यामुळे नियम मोडला नव्हता. पण सहा किलोमीटर म्हणजे सव्वातीन मैल. त्यापलीकडची खूण नकाशावर कितीही ठळक असली तरी डोळ्यांना नाहीच, आणि हा आकडा पुढे प्रत्येक वळणावर आडवा येतो.

अडचण कशी वाढत गेली

सेसना 152 मधला हेडिंग इंडिकेटर जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकावर, चालतो आणि त्या जायरोला इंजिनावरच्या पंपाची हवा लागते. इंजिन बंद झालं की जायरो थांबतो. पुन्हा सुरू केल्यावर तो जी दिशा दाखवतो तिला अर्थ नसतो. होकायंत्र वाचून हाताने जुळवावा लागतो. होकायंत्र मात्र विमान सरळ, स्थिर असेल तेव्हाच खरं बोलतं. वळताना किंवा वेग बदलताना त्याची तबकडी डोलते, पुढे-मागे जाते.

तिने इंडिकेटर जुळवला तो टॅक्सी-वेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर), वळण पूर्ण होण्याआधी. बारा अंशांचा फरक तिथे पडला. जुळवल्यावर खात्री करायची एक हुकमी जागा असते: धावपट्टीवर रांगेत उभं राहिल्यावर. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा दहाच्या पटीत. धावपट्टी 16 वर उभं असताना इंडिकेटरने 160 च्या आसपास दाखवायला हवं. त्या वेळी तो 172 च्या आसपास दाखवत असणार. पण मागून दुसरं विमान उतरायला येत होतं, टॉवरने तिला ताबडतोब उड्डाण करायला सांगितलं, आणि ती नजर राहून गेली.

15:02 ला ती ब च्या डोक्यावरून निघाली. इंडिकेटरवर 076. प्रत्यक्षात विमानाचं तोंड 064 कडे.

15:12. नदी आली, अगदी वेळेवर. नदीवर पूलही होता. तिने लॉगमध्ये खूण केली आणि पुढे गेली. तो पूल महामार्गाचा नव्हता. महामार्गाच्या पुलापासून तीनेक मैल वर त्याच नदीवर एकेरी लोहमार्गाचा पूल आहे. नकाशावर दोन्ही आहेत, मध्ये सव्वा सेंटिमीटरचंही अंतर नाही. खरा पूल तिच्या उजवीकडे, धुरकट हवेत दृष्टीच्या काठावर होता.

या प्रकरणातली सगळ्यात शिकवणारी जागा मला ही वाटते. वेळ अचूक जुळली, म्हणून तिला खात्री वाटली. पण नदी तिच्या वाटेला आडवी होती. आडवी रेषा कुठेही ओलांडली तरी जवळजवळ त्याच मिनिटाला ओलांडली जाते, तुम्ही ट्रॅकवर असा की तीन मैल डावीकडे. आडव्या खुणेतून कळतं ते किती पुढे आलो एवढंच. किती बाजूला सरकलो हे कळायला वाटेला समांतर जाणारी खूण लागते, किंवा एखादी एकमेव जागा, जिच्यासारखी दुसरी आसपास नाही. लॉगमधली पहिली खूण अंतर तपासणारी होती. बाजू तपासण्याचं काम सगळं त्या पुलावर होतं, आणि पूल दोन होते.

पुलावरून डांबरी रस्ता जातोय की रूळ, एवढं पाहिलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. एकास साठचा नियम तिला तोंडपाठ होता: साठ मैलांवर एक मैल बाजूला म्हणजे एक अंश. सोळा मैलांवर सव्वातीन मैल म्हणजे बारा अंश. उरलेल्या बत्तीस मैलांत तेवढंच अंतर भरून काढायला आणखी सहा. म्हणजे अठरा अंश उजवीकडे वळून ती थेट क वर पोहोचली असती. इंडिकेटर का चुकतोय हे कळायचीही गरज नव्हती.

15:22. धरण डावीकडे दोन मैलांवर दिसायला हवं. तोवर ती ट्रॅकच्या साडेसहा मैल डावीकडे होती, म्हणजे धरण तिच्या उजवीकडे साडेचार मैलांवर, सव्वाआठ किलोमीटर. दिसणं शक्यच नव्हतं. पण डावीकडे पाणी होतं. एक तलाव, नकाशावरच्या आकाराच्या चौथाईएवढाही नाही. तिने स्वतःला समजावलं की पाणी आटलं असेल.

हे समजावणं वेडगळ नव्हतं. जलाशयाचा आकार ऋतूप्रमाणे खरोखरच बदलतो. नकाशावरची निळी किनार म्हणजे भरलेलं पाणी. उन्हाळ्यात तिथे मैलभर उघडी जमीन असू शकते. म्हणून जलाशय ओळखायचा तो पाण्यावरून नाही, भिंतीवरून. बांधाची भिंत जागची हलत नाही. तिची लांबी, तिची दिशा आणि खाली निघणारी नदी किंवा कालवा या गोष्टी बाराही महिने तशाच राहतात. त्या तलावाला भिंतच नव्हती. उड्डाणानंतरच्या चर्चेत ती म्हणाली, "भिंत शोधली नाही, कारण धरण सापडलंय असंच वाटत होतं."

जमिनीवर काहीतरी दिसतं आणि मग नकाशात त्याच्याशी जुळणारं काहीतरी शोधलं जातं, ही चुकीची वाट आहे. नकाशात जुळणारं काहीतरी नेहमीच सापडतं. शिकवतात ती वाट उलटी: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. आत्ता किती वाजले, त्या हिशेबाने मी नकाशावर कुठे असायला हवी, आणि तिथे असेन तर खिडकीतून काय काय दिसायला हवं? त्यातलं एक दिसत नसेल तर न दिसणं हीसुद्धा माहिती आहे. तिने घड्याळ पाहिलं होतं आणि नकाशाही पाहिला होता. फक्त दिसायलाच हव्यात अशा गोष्टींची यादी मनात न करता ती खिडकीबाहेर बघायला लागली.

दर दहा-पंधरा मिनिटांनी करायची फ्रेडा तपासणी, म्हणजे इंधन, रेडिओ, इंजिन, दिशा, उंची, या टप्प्यात एकदाही झाली नाही. दहाव्या मिनिटाला ती पुलात गुंतली होती, विसाव्याला तलावात.

15:31. क समोर असायला हवा. समोर शेतं, एक वस्ती आणि धुरकट क्षितिज. विमानतळ दहा मैल उजवीकडे होता.

निर्णयाचा क्षण आणि समोरचे पर्याय

प्रशिक्षकाने एक नियम घालून दिला होता: ठरलेल्या वेळेनंतर तीन मिनिटं सरळ जा, तरीही दिसलं नाही तर स्वतःला सांग की मी हरवले आहे. वेळ ठरलेली असण्याचा फायदा असा की 'आणखी थोडं पुढे बघू' या मोहाला जागा उरत नाही. 15:34 ला तिने नॅव्ह लॉगवर वेळ लिहिली आणि शेजारी 'जागा अनिश्चित' असं लिहिलं. ट्रिम तपासलं, उंची धरली. इथून पुढची तिची प्रत्येक कृती उत्तम होती, असं मी ठामपणे म्हणेन.

टाकीत 60 लिटरच्या आसपास इंधन होतं, अडीच तासांचं. सूर्यास्ताला बराच वेळ होता. खाली मोकळी, सपाट जमीन. म्हणजे घाई करायचं कारण नव्हतं, आणि हे तिने स्वतःशी मोठ्याने म्हणून घेतलं. तिच्यापुढचे पर्याय असे होते.

आहे त्याच दिशेने पुढे जात राहायचं. यातून पुढे पकडरेषा मिळाली असती. पण लोहमार्ग दिसल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे? आपण विमानतळाच्या कोणत्या बाजूला आहोत हे माहीत नसेल तर रेषा अर्धंच उत्तर देते. यासाठी जुने दिशादर्शक मुद्दाम एका बाजूला नेम धरत. फ्रान्सिस चिचेस्टरने 1931 मध्ये जिप्सी मॉथ विमानातून एकट्याने तस्मान समुद्र ओलांडताना नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही बेटं अशीच गाठली: बेटाच्या एका बाजूला मुद्दाम नेम धरायचा, म्हणजे ठरलेल्या क्षणी कुठे वळायचं याची शंका राहत नाही. आपल्या विद्यार्थिनीने नेम सरळ क वर धरला होता, त्यामुळे ती सोय नव्हती.

मागे फिरून ब गाठायचं. हा पर्याय सगळ्यांना आधी सुचतो. पण इंडिकेटर चुकलेला असताना त्यात एक छुपा सापळा होता. घाबरलेला माणूस आकड्यात सरळ 180 मिळवतो: 076 चं 256. वारा आता डावीकडून येणार, त्यामुळे भरपाईही उलटी करावी लागते आणि योग्य आकडा 244 येतो. गंमत अशी की 244 धरलं असतं तर इंडिकेटरची तीच चूक तिला आल्या वाटेनेच परत ब वर घेऊन गेली असती. 256 धरलं असतं तर ती ब च्याही दहा मैल उत्तरेला निघाली असती, आणि मग दोन्ही विमानतळ हरवले असते.

घिरट्या घालून खालची वस्ती ओळखायची. वस्ती लहान होती, लोहमार्ग नाही, नदी नाही. अशा वस्त्या नकाशावर डझनाने असतात. शिवाय घिरट्यांत होकायंत्र बिघडतं आणि डोकंही.

व्हीओआर. अ च्या स्टेशनचा सिग्नल मिळत होता. एका स्टेशनवरून एकच रेषा मिळते, जागा मिळायला दुसरी रेषा हवी. तरी ती एक रेषा विसाव्या मिनिटाला घेतली असती तर 'हे धरण ते नव्हे' हे कळलं असतं.

रेडिओवर मदत मागायची. आधी क च्या फ्रिक्वेन्सीवर, उत्तर नाही आलं तर आणीबाणीच्या 121.5 मेगाहर्ट्झवर, आणि तिथेही कोणी नसेल तर ट्रान्सपाँडरवर आणीबाणीचा कोड 7700. विद्यार्थी हा पर्याय सगळ्यात शेवटी वापरतात. अडवते ती लाज: परवाना मिळणार नाही, सगळे ऐकतील, प्रशिक्षक काय म्हणेल. खरं तर हरवल्यावर पहिल्या मिनिटाला केलेला कॉल एटीसीसाठी (हवाई वाहतूक नियंत्रणासाठी) साधं काम असतं. तोच कॉल इंधन संपत आल्यावर केला तर ते संकट असतं.

काय केलं

सगळ्यात आधी तिने दिशा तपासली. वळून आसपास बघावंसं फार वाटत होतं, असं ती नंतर म्हणाली. पण पंख सपाट ठेवून ती अर्धा मिनिट सरळ गेली आणि होकायंत्राची तबकडी स्थिर होऊ दिली. होकायंत्र 064, इंडिकेटर 076.

आता या दोघांपैकी खरं कोण? सक्शन गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, म्हणजे जायरोला हवा मिळत होती. होकायंत्राजवळ हेडसेट, फोन असं काही ठेवलेलं नव्हतं. तिला टॅक्सी-वेवरचं वळण आठवलं. इंडिकेटर चुकीचा जुळवला गेला होता, यंत्रात दोष नव्हता.

आणि तेवढ्याने चित्र पालटलं. बारा अंश डावीकडे, पन्नास मैलांहून जास्त अंतर, एकास साठच्या हिशेबाने दहा मैल उत्तरेला. आता पकडरेषा पूर्ण उत्तर देणार होती: लोहमार्ग दिसला की उजवीकडे, दक्षिणेला. चूक सापडली की तिचा आकडाच जागा सांगायला लागतो. हरवलेल्या वैमानिकाने आधी दिशेची यंत्रं तपासावीत, असं म्हणतात ते याचसाठी.

तिने इंडिकेटर जुळवून घेतला, 5,500 फुटांकडे चढायला सुरुवात केली आणि लगेच क ला कॉल केला. उंचीमुळे रेडिओची पोच वाढते आणि धुरकट थराच्या वरून लांबचं जरा बरं दिसतं. कॉल साधारण असा होता: विद्यार्थी वैमानिक, एकटी, जागेची खात्री नाही, तुमच्या उत्तरेला दहा मैलांवर असल्याचा अंदाज, चार हजार फूट, चढते आहे, इंधन अडीच तास, दिशा हवी. मनात तिने एक मुदतही ठरवली होती. दोन मिनिटांत उत्तर नाही आलं तर पूर्वेकडे लोहमार्गापर्यंत आणि मग दक्षिणेला.

क वर रडार नव्हतं, पण रेडिओ लहरी कुठून येतात ते सांगणारं यंत्र होतं. नियंत्रकाने तिला बटण दाबून सावकाश दहापर्यंत आकडे म्हणायला लावले. आकडे संपताच उत्तर आलं: वाऱ्याचा विचार न करता हेडिंग 190. जवळजवळ त्याच वेळी समोर धुरकटपणातून दोन समांतर रूळ वर आले.

दोन वेगवेगळे पुरावे, एकमेकांशी संबंध नसलेले, एकच गोष्ट सांगत होते. ती 190 वर वळली. तरी तिने खिडकी सोडली नाही. लोहमार्ग डाव्या हाताला काही मिनिटं दिसत राहिला आणि मग दूर जात विरला. नकाशाप्रमाणे तसंच व्हायला हवं होतं. नियंत्रकाने मध्ये आणखी दोनदा दिशा तपासली. 15:46 ला तिने धावपट्टी दिसल्याचं कळवलं, 15:53 ला चाकं टेकली.

निष्पत्ती

उतरल्यावर तिने प्रशिक्षकाला फोन केला. इथे या प्रकरणातला शेवटचा निर्णय आला, आणि तो प्रशिक्षकाचा होता. तिसरा टप्पा तिने एकटीने करायचा का?

बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. कारण सापडलं होतं, विमान ठीक होतं, इंधन पुरेसं होतं, आणि हरवल्यावर तिने दाखवलेलं डोकं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय उड्डाण अर्धवट राहिलं तर 150 मैलांची अट पूर्ण होत नाही. सगळं पुन्हा करावं लागणार. प्रशिक्षकाने फोनवर तिला तीन गोष्टी विचारल्या: आत्ता दृश्यमानता किती, तासाभरात ती कुठे जाईल, आणि तुला काय वाटतं. पहिल्या दोन उत्तरांतच निकाल लागला. सहा किलोमीटर, आणि खाली जाणारी. संस्थेची मर्यादा आठ. दुसऱ्या विमानाने तिथे जाऊन प्रशिक्षकाने तिला सोबत घेऊन विमान परत आणलं.

हा निर्णय मला पूर्ण पटतो. तिच्या कौशल्याचा तिथे प्रश्न नव्हता. आठ किलोमीटरची मर्यादा दुसऱ्या टप्प्यातच मोडली गेली होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिसऱ्या टप्प्यात ती जाणूनबुजून मोडावी लागली असती.

लाँग सोलो तिने पुढे स्वच्छ हवेत, त्याच मार्गाने पुन्हा केलं. घटनेचा अहवाल तिने स्वतः लिहिला. नियंत्रकाच्या नोंदीत तो एक साधा 'दिशा सहाय्य' कॉल म्हणून राहिला. परवान्यावर कसलाही परिणाम झाला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय धावपट्टीवरचा होता: क्रमांक, होकायंत्र आणि इंडिकेटर, तिन्ही एका नजरेत. तीन सेकंदांचं काम. टॉवरने घाई केली तर 'असमर्थ' म्हणून थांबण्याचा अधिकार विद्यार्थ्यालाही आहे, आणि हे वाक्य सोलोआधी मोठ्याने म्हणून घेतलं पाहिजे. ऐन वेळी सुचत नाही.

नॅव्ह लॉग तपासताना प्रशिक्षकाने वेळा आणि हेडिंग पाहिली, खुणांचा प्रकार पाहिला नाही. त्या संस्थेत आता प्रत्येक खुणेपुढे ती अंतर तपासते की बाजू, हे लिहावं लागतं, आणि कोणत्याही टप्प्यात पहिल्या पंधरा मिनिटांत बाजू तपासणारी निदान एक खूण असावी लागते. ब ते क च्या टप्प्यात अशी खूण उपलब्ध होती. एक कालवा ट्रॅकच्या दक्षिणेला दीड मैलावरून बराच वेळ समांतर जातो. तो उजव्या खिडकीत सतत दिसायला हवा होता. लॉगमध्ये तो नव्हता, म्हणून त्याचं न दिसणं कोणाला खटकलं नाही.

खूण ओळखताना तिच्याबद्दलच्या निदान तीन गोष्टी जुळाव्यात, हा नियम सगळेच शिकवतात. पुलाच्या बाबतीत त्या तीन गोष्टी अशा असत्या: वरून काय जातं, नदी तिथे कोणत्या दिशेने वळते, आणि दोन्ही काठांवर काय आहे. अशी यादी जमिनीवर, टेबलाशी बसून करायची असते. विमानात ती फक्त वाचायची.

दृश्यमानतेचा निर्णय दुसऱ्या टप्प्याच्या आधी ब वर घ्यायला हवा होता. अंदाज आठचा आणि मर्यादा आठची, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी हवा धुरकट होतेय हे तिला दिसलं होतं. ब वरून एक फोन केला असता तर उड्डाण बहुधा तिथेच थांबलं असतं.

एका मुद्द्यावर चर्चेत एकमत झालं नाही. काही प्रशिक्षकांचं म्हणणं, सोलोत जीपीएस बंद अवस्थेत पिशवीत द्यावं, हरवल्यावर उघडायची मुभा असावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ते हाताशी आहे हे माहीत असलं की पुलावरचे रूळ बघायची गरजच वाटत नाही. मी पहिल्या बाजूचा आहे, एका अटीवर: ते उघडलं तर उघडल्याची वेळ लॉगमध्ये लिहायची, आणि त्याआधी आपल्या हिशेबाने आपण कुठे आहोत ते नकाशावर पेन्सिलने टिंब काढून ठेवायचं. मग टिंब आणि खरी जागा यांतलं अंतर मोजता येतं, आणि त्या अंतरावरून चूक शोधता येते. विद्यार्थिनीने 15:34 ला होकायंत्र पाहून असंच टिंब काढलं होतं. ट्रॅकरच्या नोंदीशी ताडलं तेव्हा ते खऱ्या जागेपासून दीड मैलाच्या आत निघालं.